सरळ वर उठणारी जेट विमानं: हॅरिअरच्या आधी पडलेल्या यंत्रांचं श्रेय

गरुडपंख

सरळ वर उठणारं जेट म्हटलं की हॅरिअरचं नाव निघतं आणि चर्चा तिथेच संपते. मला या धाग्यात हॅरिअरच्या आधीच्या आणि आजूबाजूच्या प्रायोगिक विमानांबद्दल लिहायचंय. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ हे सगळे एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते आणि प्रत्येकाची वाट वेगळी होती. त्यातली बरीच यंत्रं एक-दोन नगांपलीकडे गेली नाहीत, काही वैमानिकाला घेऊन पडली. 'फसलेले प्रयोग' म्हणून त्यांना एका ओळीत गुंडाळलेलं वाचलं की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

विमान वर उचलणं हा यातला अवघड भाग नव्हताच. इंजिनांचा रेटा वजनापेक्षा जास्त झाला की यंत्र उठतं. हे ३ ऑगस्ट १९५४ ला इंग्लंडमधल्या हकनॉल इथे सिद्ध झालं. रोल्स-रॉइसने दोन नीन इंजिनं एका नळ्यांच्या सांगाड्यात आडवी, एकमेकांकडे पाठ करून बसवली आणि त्यांचे झोत वाकवून खाली सोडले. पंख नाहीत, शेपूट नाही, चार पाय आणि वर उघड्यावर बसलेले कॅप्टन रोनाल्ड शेफर्ड. लोकांनी त्याला 'उडता पलंग' म्हटलं. दोन्ही इंजिनांचा मिळून रेटा सुमारे ८,००० पौंड आणि वजन त्याहून जेमतेम कमी. या यंत्रामागे रोल्स-रॉइसचे अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांचं डोकं होतं.

पलंगाला पंखच नव्हते, त्यामुळे हवेने त्याला सावरायचा प्रश्नच नव्हता. तोल राखायला इंजिनांच्या कॉम्प्रेसरमधून (हवा दाबणाऱ्या भागातून) काढलेली दाबाची हवा लांब दांड्यांच्या टोकांना असलेल्या छोट्या नळ्यांतून सोडायची. हीच युक्ती पुढे या जातीच्या जवळजवळ प्रत्येक विमानात आली. पण दुसरी अडचण जास्त त्रासदायक होती. इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीवर चालू, आणि वैमानिकाने थ्रॉटल हलवल्यावर रेटा बदलायला वेळ लागतो. यंत्र खाली जायला लागलं आणि आपण थ्रॉटल वाढवला, तर तो परिणाम पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते. वैमानिकाला सतत पुढचा विचार करत राहावं लागायचं. दुसरा पलंग १९५७ मध्ये पडला आणि त्यात विंग कमांडर लार्सन गेले.

खरी अवघड जागा आहे ती उठणं आणि उडणं यांच्या मधली. शून्य वेगापासून पंख वजन पेलायला लागेपर्यंतचा तो पट्टा. तिथे पंख अर्धवट काम करतात, शेपटीवरचं सुकाणू जवळजवळ निर्जीव असतं, आणि झोतांवर उभं असलेलं विमान स्वतःहून सरळ राहत नाही. काठी तळहातावर तोलून धरण्यासारखं ते काम आहे, फक्त इथे काठीचं वजन काही टन असतं. या पट्ट्यातून दोन्ही दिशांनी सुरक्षित जाणं, म्हणजे ट्रान्झिशन, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा.

ग्रिफिथ यांचा पुढचा मार्ग होता वेगळ्या लिफ्ट इंजिनांचा. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सने बांधलेल्या एससी.१ मध्ये पाच आरबी.१०८ इंजिनं होती. चार उभी, फक्त उचलायला. पाचवं मागे, पुढे ढकलायला. २ एप्रिल १९५७ ला ते साध्या विमानासारखं धावून उडालं, २५ ऑक्टोबर १९५८ ला मोकळं सरळ वर उठलं आणि ६ एप्रिल १९६० ला पूर्ण ट्रान्झिशन झालं. तारखांमधलं अंतर बघा. उठण्यापासून उडण्यापर्यंत पोचायला जवळपास दीड वर्ष.

एससी.१ मध्ये मला सर्वात महत्त्वाची वाटते ती त्याची नियंत्रण व्यवस्था. वैमानिकाच्या हातातली दांडी आणि नियंत्रक यांच्यात तारा आणि इलेक्ट्रॉनिक्स होतं, तीन स्वतंत्र वाहिन्या, आणि त्यातली एक बिघडली तर उरलेल्या दोघी तिला बाजूला काढणार. १९५० च्या दशकात! २ ऑक्टोबर १९६३ ला मात्र जायरोकडून (विमानाचा कल मोजणाऱ्या उपकरणाकडून) चुकीचा संकेत गेला, स्वयंतोलक यंत्रणेला 'वर' कुठे आहे हेच चुकीचं कळलं आणि तिने विमान जमिनीत घातलं. उंची इतकी कमी होती की वैमानिक जे. आर. ग्रीन यांना काही करायला वेळच मिळाला नाही. विमान दुरुस्त करून पुन्हा उडवलं गेलं आणि यंत्रणेत बदल झाले.

दुसरीकडे हॉकर कंपनीत सिडनी कॅम आणि राल्फ हूपर हॅरिअरचा पूर्वज, पी.११२७, घडवत होते. तिथला विचार अगदी उलट होता. एकच इंजिन, त्याला चार फिरणारी नॉझल्स (झोत बाहेर सोडणारी तोंडं), आणि वैमानिकासमोर नेहमीच्या नियंत्रणांत फक्त एका दांडीची भर, नॉझल फिरवण्यासाठी. तोल वैमानिकाने हातानेच सांभाळायचा. २१ ऑक्टोबर १९६० ला डन्सफोल्ड इथे बिल बेडफर्ड यांनी ते पहिल्यांदा दोरांनी बांधलेल्या अवस्थेत उचललं. तेव्हा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. १९ नोव्हेंबरला मोकळं तरंगणं, आणि १२ सप्टेंबर १९६१ ला ट्रान्झिशन.

माझं म्हणणं एवढंच, की साधेपणामुळे हॅरिअरचा वंश जिंकला हे खरं असलं तरी ते अर्धंच खरं आहे. ज्या इलेक्ट्रॉनिक तोलामुळे एससी.१ पडलं, त्याच वाटेने जाऊन शेवटी ही विमानं सामान्य वैमानिकाच्या आवाक्यात आली. त्याबद्दल चर्चेत लिहीन. तुमची मतं वाचायला आवडतील.

शलाका_म

खूप छान लिहिलंय. या विषयातलं मला फारसं कळत नाही, तरी एका दमात वाचलं. एक बाळबोध प्रश्न. एवढी इंजिनं आणि नळ्या कशाला? अख्खं विमानच शेपटीवर उभं केलं तर एकाच इंजिनाने काम होईल ना? रॉकेट तसंच उडतं.

गरुडपंख

@शलाका_म, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. अमेरिकेने आणि फ्रान्सने नेमका हाच विचार केला होता.

अमेरिकेतल्या रायन कंपनीचं एक्स-१३ व्हर्टिजेट घ्या. एकच एव्हॉन इंजिन. विमान ट्रेलरच्या उभ्या केलेल्या फळीवर लटकायचं. नाकाखाली एक हूक आणि फळीवर आडवी केबल. वर उठून हूक सोडवायचा, हळूहळू आडवं व्हायचं, उडायचं, परत येऊन पुन्हा उभं व्हायचं आणि हूक त्या केबलमध्ये अडकवायचा. ११ एप्रिल १९५७ ला पीट जिरार्ड यांनी हे सगळं एका उड्डाणात करून दाखवलं, आणि जुलैमध्ये पेंटॅगॉनसमोर प्रात्यक्षिकही झालं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते जमलं होतं.

पण वैमानिकाच्या जागी स्वतःला बसवून बघा. विमान उभं, तुम्ही पाठीवर रेललेले, तोंड आकाशाकडे. खुर्ची ४५ अंश पुढे झुकायची सोय केली होती, तरी शेवटच्या क्षणी केबल दिसायची नाही. अंतर कळावं म्हणून फळीला खुणांचे पट्टे असलेला एक दांडा लावला होता. त्यावर नजर ठेवून हूक अडकवायचा. असं काम वाऱ्यात, रात्री, लढाईवरून थकून आलेल्या माणसाने रोज करायचं? शिवाय वजन फार वाढवता येत नव्हतं, म्हणून शस्त्रं आणि पुरेसं इंधन न्यायला जागाच नव्हती.

फ्रान्सच्या स्नेक्माने सी.४५० कोलिऑप्टेर बांधलं, त्याला चक्क गोल नळीसारखा पंख होता आणि वैमानिक त्या नळीच्या वरच्या टोकाला. ऑगुस्त मोरेल यांनी मे १९५९ मध्ये ते पहिल्यांदा मोकळं उडवलं. २५ जुलै १९५९ ला आडवं व्हायच्या प्रयत्नात ते हाताबाहेर गेलं. मोरेल कमी उंचीवर बाहेर फेकले गेले, जबर जखमी झाले, पण वाचले. विमानाचा चुराडा झाला आणि दुसरं कधी उडलं नाही.

शेपटीवर उभं राहण्यात इंजिन वाचतं, पण त्याची किंमत माणसाच्या डोळ्यांना मोजावी लागते.

झोतयंत्र

गॅस टर्बाइनच्या क्षेत्रात नोकरी गेली, त्यामुळे पी.११२७ च्या इंजिनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. या सगळ्या गोष्टीत विमानाइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, श्रेय पेगॅससचं आहे.

मूळ कल्पना मिशेल व्हिबो या फ्रेंच अभियंत्याची. १९५६ च्या सुमारास त्यांनी एका विमानाचा आराखडा मांडला. टर्बोप्रॉप जातीचं ओरायन इंजिन शाफ्टने चार मोठे ब्लोअर फिरवणार, आणि त्या ब्लोअरांची तोंडं फिरवून हवा खाली किंवा मागे सोडायची. ताकद एकच, दिशा हवी ती. नाटोच्या पॅरिसमधल्या शस्त्रविकास कार्यालयामार्फत हा आराखडा ब्रिस्टल कंपनीच्या स्टॅन्ली हूकर यांच्याकडे पोचला. त्यांनी तो गॉर्डन लुईस यांच्या हाती दिला, आणि लुईस यांनी अवजड गिअर, शाफ्ट, ब्लोअर सगळं काढून टाकलं. त्याऐवजी ऑर्फियस जेट इंजिनाच्या पुढे एक मोठा पंखा लावला. पंख्याची थंड हवा पुढच्या दोन फिरत्या नॉझल्समधून. मागचा गरम झोत आधी सरळ मागेच जात होता. तोही दुभागून दोन बाजूंना फिरत्या नॉझल्सना द्यावा ही सूचना हॉकरच्या हूपर यांची. अशी चार नॉझल्स झाली, आणि त्यांचा एकत्रित रेटा विमानाच्या गुरुत्वमध्यातून जाईल असं जमवता आलं.

ज्यांना ऑर्फियस ओळखीचं वाटलं असेल त्यांच्यासाठी: नॅट आणि आपलं मारुत याच इंजिनावर उडत.

पंखा का हवा, तेही सांगतो. रेटा हा दर सेकंदाला फेकलेल्या हवेचं वस्तुमान गुणिले तिचा वेग यावर ठरतो. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. म्हणून तेवढाच रेटा काढायचा तर थोडी हवा प्रचंड वेगाने फेकण्यापेक्षा भरपूर हवा कमी वेगाने फेकणं परवडतं. तरंगताना तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे पंखाची काहीच मदत नसते.

अजून एक बारकावा. पेगॅससमधला पंख्याचा शाफ्ट आणि उच्चदाब शाफ्ट एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. दोन्ही एकाच दिशेने फिरले असते तर त्यांच्या जायरो परिणामामुळे तरंगताना नाक वर केलं की विमान बाजूला वळलं असतं. उलट फिरल्याने ते बरंचसं एकमेकांत खपतं. पी.११२७ ला स्वयंतोलकाशिवाय हाताने उडवता आलं, त्यात याचा मोठा वाटा आहे.

रेटा कसा वाढत गेला तेही बघा. १९५९ मध्ये चाचणीच्या स्टँडवर पहिलं पेगॅसस फिरलं तेव्हा ९,००० पौंड. पी.११२७ पहिल्यांदा उठलं तेव्हा सुमारे ११,३००. पी.११२७ आणि हॅरिअर यांच्या मधल्या केस्ट्रेलला १५,५००. हॅरिअर जीआर.१ ला १९,०००, आणि पुढे २१,५००. बाहेरून इंजिन जवळपास तेवढंच राहिलं. म्हणून मी म्हणतो, हॅरिअरचा इतिहास हा पेगॅससचाच इतिहास आहे.

प्रश्नचिन्ह

दोघांचेही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. पण लिफ्ट इंजिनांचा पक्ष इथे कुणीच घेतलेला दिसत नाही, म्हणून मी घेतो.

रोल्स-रॉइसचं आरबी.१६२ हे लिफ्टसाठीच बनवलेलं इंजिन स्वतःच्या वजनाच्या १६ पट रेटा देत होतं. कॉम्प्रेसरमध्ये काचतंतूंचा वापर करून ते इतकं हलकं केलं होतं. मग 'उडताना नुसतं ओझं' हा आक्षेप कितपत टिकतो? आणि निकाल बघा. फ्रान्सच्या मिराज ३-व्ही मध्ये अशी आठ लिफ्ट इंजिनं होती, आणि त्याचा दुसरा नमुना सप्टेंबर १९६६ मध्ये मॅक २ च्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या, पुढे गेला. जर्मनीच्या व्हीजे १०१सी ने तर १९६४ मध्येच ध्वनीचा वेग ओलांडला. हॅरिअरला सरळ पातळीत ते आयुष्यात जमलं नाही. चार नॉझल्सची सोय करताना इंजिन विमानाच्या मधोमध येतं, पोट फुगतं, इनटेक (हवा आत घेणारं तोंड) अवाढव्य होतो. वेगाने जायचं तर हे सगळं आड येतं. मग कोणता मार्ग चुकला म्हणायचं?

झोतयंत्र

@प्रश्नचिन्ह, मुद्दा एकदम रास्त आहे. फक्त १६ पट हा आकडा नुसत्या इंजिनाचा आहे. त्याच्याभोवती काय काय येतं ते मोजा. वरचे आणि खालचे दरवाजे, ते उघडायची यंत्रणा, सुरू करण्यासाठी दाबाच्या हवेच्या नळ्या, इंधनाच्या वाहिन्या, उष्णतेपासून संरक्षण. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जागा. विमानाच्या पोटातली सगळ्यात मोक्याची जागा, जिथे इंधन ठेवायचं, ती या इंजिनांनी व्यापलेली.

मिराज ३-व्ही मध्ये एक मोठं आणि आठ छोटी मिळून नऊ इंजिनं. सरळ उतरायचं म्हणजे उतरताना आठही सुरू झाली पाहिजेत, अगदी वेळेवर. जमिनीवरच्या देखभाल पथकाला नऊ इंजिनं सांभाळायची. आडरानात पसरून लढणारं विमान हवं म्हणून तर हा सगळा आटापिटा होता, आणि तिथे नऊ इंजिनांचे सुटे भाग न्यायचे?

वेगाबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यावर ब्रिटनकडे उत्तर होतं: ध्वनीपेक्षा वेगवान पी.११५४, आणि पुढच्या नॉझल्समध्येही इंधन जाळणारं बीएस.१०० इंजिन. फेब्रुवारी १९६५ मध्ये ते रद्द झालं. उडालंच असतं तर काय झालं असतं, हे सांगता येणार नाही. गरम झोत जमिनीवर आपटून परत येण्याचा त्रास तर नक्कीच वाढला असता.

गरुडपंख

मिराज ३-व्ही च्या आधीचं बाल्झॅक विसरायला नको. जुन्या मिराजच्या आराखड्यावर एक ऑर्फियस आणि आठ आरबी.१०८. ऑक्टोबर १९६२ मध्ये ते उठलं. १० जानेवारी १९६४ ला कमी उंचीवर तरंगताना तोल गेला आणि जाक पिनिए ठार झाले. तेच विमान दुरुस्त करून पुन्हा उडवलं, आणि ८ सप्टेंबर १९६५ ला अमेरिकी हवाई दलाचे मेजर फिलिप नील त्यातच गेले. मॅक २ गाठणारा मिराज ३-व्ही चा नमुनासुद्धा नोव्हेंबर १९६६ मध्ये पडला.

हॉकरच्या बाजूलाही सगळं सुरळीत नव्हतं. डिसेंबर १९६१ मध्ये दुसऱ्या पी.११२७ चं पुढचं एक थंड नॉझल उडताना गळून पडलं. ते काचतंतूंचं होतं. बेडफर्ड शेवटच्या क्षणी बाहेर पडून वाचले, आणि त्यानंतर नॉझल्स पोलादी झाली. १९६३ च्या पॅरिस प्रदर्शनात हजारो लोकांसमोर पहिलं पी.११२७ धप्पकन खाली आलं. नॉझल फिरवणाऱ्या मोटरमध्ये कचऱ्याचा कण अडकला होता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, आणि ते विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडालं. पुढे ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेलं.

जुनाइंजिनिअर

चर्चा इंजिनांभोवती फिरतेय, तर जमिनीबद्दलही थोडं बोलू. माझ्या मते या विमानांचा सगळ्यात मोठा शत्रू जमीनच.

विमान जमिनीपासून थोडंसं वर असताना झोत खाली आपटून चारी दिशांना पसरतो. पसरताना तो पंखाखालची हवा ओढून नेतो, तिथला दाब घटतो आणि विमान खाली खेचलं जातं. म्हणजे नेमक्या ज्या क्षणी जास्तीत जास्त रेटा हवा, त्याच क्षणी काही टक्के रेटा असा वाया जातो. झोत एकापेक्षा जास्त असतील तर ते जमिनीवर एकमेकांना भिडून मधे वर उसळतात. ती उसळी विमानाच्या पोटाला टेकू देते. हॅरिअरच्या पोटाखाली ज्या उभ्या पट्ट्या दिसतात त्या ही उसळी अडवून धरायला.

पण त्याच उसळीतून गरम वायू इनटेकपर्यंत पोचतात. इंजिनाने गरम हवा गिळली की रेटा घटतो, आणि अचानक जास्त गिळली तर कॉम्प्रेसर सर्ज होतो, म्हणजे उचकी लागल्यासारखा हवा उलटी फेकतो. जमिनीपासून काही फुटांवर सर्ज झाला तर पुढे काय होणार हे सांगायला नको. म्हणूनच डन्सफोल्डला पी.११२७ च्या पहिल्या चाचण्या जाळी घातलेल्या खड्ड्यावर झाल्या, झोत खालून दूर जावा म्हणून.

तिथेच वजनाचंही बघा. पहिल्या उचलीला रेट्याची इतकी मारामार होती की विमानातून काढता येईल ते सगळं काढलं होतं आणि इंधनही जेमतेम भरलं होतं. आज चित्रफितीत हे विमान सहज उठताना दिसतं, पण त्या दिवशी इंजिनात जवळजवळ काहीच शिल्लक नव्हतं.

आणि एक प्रकरण मला कायम चटका लावून जातं, ते अमेरिकेतल्या रॉकवेल कंपनीच्या एक्सएफव्ही-१२ए या विमानाचं. इंजिनाचा झोत पंखातल्या फटींतून सोडायचा, त्याने आजूबाजूची हवा ओढून आणायची आणि मूळ रेट्यापेक्षा जास्त उचल मिळवायची. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून ५५ टक्के वाढ मिळेल असा हिशेब होता. खऱ्या विमानात पंखाला १९ टक्के मिळाली आणि पुढच्या छोट्या पंखाला फक्त ६. १९७८ मध्ये दोरांना टांगून केलेल्या चाचण्यांत ते स्वतःचं वजनसुद्धा पेलू शकलं नाही. कुणाची बेपर्वाई नव्हती. छोट्या नमुन्यातला प्रवाह मोठ्या आकारात, वळणावळणाच्या नळ्यांतून नेताना तसाच वागत नाही, एवढंच.

शलाका_म

बापरे. आणि सोव्हिएत संघाचं काय? त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. त्यांच्या विमानात वैमानिक आपोआप बाहेर फेकला जायचा असं कुठेतरी वाचलंय, खरं आहे का?

गरुडपंख

@शलाका_म, खरं आहे. तिकडेही सुरुवात पलंगासारख्याच यंत्रापासून झाली, त्याला टर्बोलेट म्हणत, आणि ते युरी गार्नाएव्ह यांनी उडवलं. मग याक-३६ आलं. नाकात दोन इंजिनं शेजारी-शेजारी, त्यांची फिरती नॉझल्स मधोमध, आणि तोल राखायच्या हवेसाठी नाकाच्या पुढे लांबच लांब दांडा. १९६७ मध्ये दोमोदेदोवोच्या हवाई प्रदर्शनात ते जगाने पाहिलं.

त्यातून याक-३८ झालं, जे प्रत्यक्ष नौदलात गेलं. मागे फिरत्या नॉझल्सचं मुख्य इंजिन आणि कॉकपिटच्या मागे दोन लिफ्ट इंजिनं. तरंगताना लिफ्ट इंजिनांपैकी एक बंद पडलं तर नाक इतक्या झटक्याने खाली जातं की माणसाची प्रतिक्रिया पुरत नाही. म्हणून विमान ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कललं की खुर्ची स्वतःच सुटायची. त्या खुर्चीने बऱ्याच वैमानिकांचे प्राण वाचवले. पण अशी खुर्ची लागावी यातच लिफ्ट इंजिनांच्या मार्गाची अडचण दिसते. @प्रश्नचिन्ह, तुमच्या मुद्द्याला माझं हेही उत्तर समजा.

पुढचं याक-१४१ मार्च १९८७ मध्ये उडालं. ते ध्वनीपेक्षा वेगवान होतं आणि त्याने विश्वविक्रमही केले. ऑक्टोबर १९९१ मध्ये 'अॅडमिरल गोर्शकोव्ह' जहाजावर उतरताना एक नमुना आपटून पेटला, वैमानिक वाचला. सोव्हिएत संघच विसर्जित झाल्यावर प्रकल्प थांबला. तेच जहाज पुढे आपल्या नौदलाचं 'विक्रमादित्य' झालं.

प्रश्नचिन्ह

याक-१४१ चं मागचं तीन सांध्यांचं फिरतं नॉझल बघून अमेरिकेने सरळ उतरणाऱ्या एफ-३५बी या लढाऊ विमानाचं नॉझल बनवलं ना? मग लिफ्ट इंजिनवाल्यांचं थोडं तरी श्रेय मान्य करा.

जुनाइंजिनिअर

@प्रश्नचिन्ह, हे विधान जालावर फार फिरतं, पण क्रम उलटा आहे. तीन सांध्यांच्या नॉझलची कल्पना अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉन्व्हेअरच्या मॉडेल २०० च्या आराखड्यात होती. ते विमान बांधलं गेलं नाही. याकच्या लोकांनी तसं नॉझल प्रत्यक्ष उडवून दाखवलं, हे त्यांचं श्रेय मोठंच आहे आणि ते त्यांना द्यायलाच हवं. लॉकहीडने नव्वदच्या दशकात त्यांच्याकडून माहिती घेतली हेही खरं. पण 'बघून बनवलं' म्हणणं बरोबर नाही.

एफ-३५बी चा पहिला नमुना एक्स-३५बी, त्याचं खरं वैशिष्ट्य नॉझल नाहीच. कॉकपिटच्या मागे जो लिफ्ट-फॅन आहे, तो मुख्य इंजिनाच्या शाफ्टने, क्लच जोडून फिरतो. लॉकहीडच्या पॉल बेव्हिलाक्वा यांची ही कल्पना. म्हणजे व्हिबो यांचं 'एक इंजिन शाफ्टने ब्लोअर फिरवणार' हे तत्त्व, चाळीसेक वर्षांनी. आणि पुढचा झोत थंड असल्याने गरम वायू इनटेककडे येण्याआधीच अडवला जातो. स्पर्धेतलं बोइंगचं एक्स-३२बी नॉझल फिरवण्याच्या जुन्या वाटेने गेलं. गरम हवा गिळण्याचा त्रास झाला आणि सरळ उतरण्याच्या चाचण्यांसाठी त्याचे काही भाग काढून वजन कमी करावं लागलं. २० जुलै २००१ ला एक्स-३५बी ने एकाच उड्डाणात कमी धावून उड्डाण केलं, ध्वनीचा वेग ओलांडला आणि सरळ खाली उतरलं. पन्नास वर्षांत कुणालाच हे तिन्ही एकत्र जमलं नव्हतं.

प्रश्नचिन्ह

मान्य. पण मग लिफ्ट-फॅनसुद्धा उडताना ओझंच की! क्लच सोडला की तो नुसता बसून असतो.

झोतयंत्र

@प्रश्नचिन्ह, हो, ओझं आहेच, आणि एफ-३५ च्या तिन्ही प्रकारांत बी कडे सर्वात कमी इंधन असतं ते त्यामुळेच. फरक इतकाच की ते ओझं जळत नाही. वेगळं इंधन, वेगळी सुरुवात, वेगळे गरम भाग काही नाही. आणि मुख्य इंजिनाची ताकद भरपूर हवा कमी वेगाने फेकण्यात खर्च होते, त्यामुळे रेटा वाढतो. लिफ्ट इंजिनं आपल्या वजनाच्या बदल्यात फक्त स्वतःचा रेटा द्यायची. फॅन मुख्य इंजिनाच्या रेट्यातही भर घालतो.

शलाका_म

@गरुडपंख, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की एससी.१ ची इलेक्ट्रॉनिक वाट शेवटी कामी आली. ते राहिलंच.

गरुडपंख

आठवण केलीत ते बरं झालं, कारण मला सांगायचं होतं ते हेच.

हॅरिअर हाताने उडवता येत असे, पण सोपं नव्हतं. तरंगताना उजव्या हातात दांडी आणि डाव्या हाताला दोन कामं, थ्रॉटल आणि नॉझलची दांडी. चुकीच्या क्षणी चुकीची दांडी हलवली तर पुढचं सावरणं कठीण. शिवाय कमी वेगात बाजूचा वारा मिळाला तर अवाढव्य इनटेक नाकाला वाऱ्यापासून दूर ढकलतो, घसरण वाढते, आणि एका मर्यादेनंतर विमान असं कलंडतं की टोकांवरच्या हवेच्या झोतांनी ते सरळ होत नाही. म्हणून हॅरिअरच्या काचेपुढे एक साधी वातदर्शक पट्टी असते. वैमानिकाने ती सतत सरळ ठेवायची.

ब्रिटनमध्ये बेडफर्ड या गावातल्या विमान संशोधन संस्थेत दोन आसनी हॅरिअर घेऊन वर्षानुवर्षं यावर काम झालं. त्याचं नाव व्हॅक हॅरिअर. पुढच्या आसनात सुरक्षेसाठी नेहमीची नियंत्रणं असलेला वैमानिक आणि मागच्या आसनातल्या नियंत्रणांवर संगणक. त्यातून एकसंध पद्धत निघाली: दांडी मागे ओढली की विमान वर जाणार, मग वेग शून्य असो की ताशी ५०० मैल. डावा हात फक्त वेग सांगणार. नॉझल, फॅन, हवेचे झोत, शेपटीचे पडदे यांचं काय करायचं ते संगणक बघेल. एफ-३५बी मध्ये हीच पद्धत आहे.

सुरुवातीला हॅरिअरच्या मुरलेल्या वैमानिकांचा तिला विरोध होता. त्यांची सवय उलटी होती. पण तरंगताना कमी कामाचा भार येतो हे चाचण्यांत दिसलं आणि ती स्वीकारली गेली. १९५७ च्या एससी.१ मधल्या तीन वाहिन्यांपासून इथपर्यंतची ही ओळ सरळ आहे. ग्रीन यांच्या अपघाताने शिकवलं की जायरोवर एकट्यावर विसंबू नये. नंतरच्या प्रत्येक यंत्रणेत तो धडा आहे.

खिडकीजवळचा

उशिरा आलो, धागा उत्तम. एक शंका. एफ-३५बी आणि हॅरिअर दोघांनाही सरळ वर उठता येतं, तरी जहाजावरून उडताना ती थोडं धावून का उडतात? मग इतका सगळा आटापिटा कशासाठी?

जुनाइंजिनिअर

@खिडकीजवळचा, सरळ वर उठताना विमानाचं वजन रेट्यापेक्षा कमीच असावं लागतं. म्हणजे इंधन आणि शस्त्रं उतरवून ठेवा. थोडं धावलं की पंख वजनाचा काही भाग उचलतो, तेवढं जास्त नेता येतं. १९७० च्या दशकात ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट कमांडर डग्लस टेलर यांनी जहाजाच्या टोकाला वर वळलेला उतार सुचवला. धावत येऊन त्या उतारावरून विमान वर फेकलं जातं आणि पंख वजन घेईपर्यंतचे काही सेकंद नॉझल्स सांभाळतात. १९७७ पासून बेडफर्डला त्याच्या चाचण्या झाल्या. तेवढ्याच लांबीत बरंच जास्त वजन उचललं गेलं.

परत येताना इंधन जळलेलं असतं, विमान हलकं असतं, तेव्हा सरळ खाली उतरायला रेटा पुरतो. आटापिटा त्या परतीसाठी. जहाजावर पकडदोर लागत नाही, लांब डेक लागत नाही, आणि एखाद्या विमानाने जागा अडवली तर दुसरं शेजारी उतरू शकतं. प्रायोगिक काळात सगळ्यांचं लक्ष सरळ उठण्याकडे होतं, प्रत्यक्षात वापर झाला तो सरळ उतरण्याचा.

खिडकीजवळचा

@जुनाइंजिनिअर, धन्यवाद, आता नीट कळलं. डॉर्निअरच्या दहा इंजिनांच्या मालवाहू विमानाबद्दल कुणाला माहिती असेल तर लिहा. डीओ ३१ ना ते?

झोतयंत्र

हो, डीओ ३१. दोन पेगॅसस पंखाखाली आणि टोकांवरच्या पिंजऱ्यांत चार-चार मिळून आठ आरबी.१६२. फेब्रुवारी १९६७ मध्ये उडालं, त्याच वर्षअखेरीस ट्रान्झिशन झालं, आणि १९६९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाला उडत गेलं. सरळ वर उठणारं जेट मालवाहू विमान म्हणून आजवर तेवढंच. १९७० मध्ये काम थांबलं. त्यावर खरं तर वेगळा धागा हवा. पंखाच्या टोकावरच्या इंजिनांपैकी एक बंद पडलं तर दुसऱ्या टोकाचं काय करायचं, या एकाच प्रश्नावर लिहिण्यासारखं भरपूर आहे. वेळ मिळाला की मी काढतो.